टाकीखालचा जोड

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. ‘जुनी’ हा शब्द मी स्वतः वापरलेला चालतो; दुसऱ्या कुणी माझ्या तोंडावर म्हटला की माझे डोके फिरते. वय एकतीस. तुमच्यात या वयाला तरुण म्हणतात, आमच्यात पणजी म्हणतात. माझा रंग मरून आहे, सीट दोनदा बदललेली आहे आणि मागच्या कॅरिअरवर एका लाकडी पेटीच्या चार कोपऱ्यांचे ठसे कायमचे उमटले आहेत. त्या पेटीच्या मालकाची, माझ्या टाकीखालच्या एका जोडाची आणि आम्ही दोघांनी मिळून केलेल्या लपवाछपवीची ही हकिकत आहे. मध्येच कुठे छातीत धस्स झाले तर घाबरू नका. शेवटी सगळे सुखरूप आहेत, मीसुद्धा आहे, नाहीतर आज बोलते आहे ती कोण?

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. इंजिन बसवले, चाके लावली, तोवर मी नुसतीच एक जड वस्तू होते. मग एका बाईंनी माझ्या अंगात वायरींचा झुपका ओवला. लाल, काळी, पिवळी, निळी. त्यांची माझी ओळख दहा-बारा मिनिटांचीच, पण त्यांची एक सवय मी विसरलेले नाही. प्रत्येक टोक बसवले की त्या ते दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघायच्या. हातात आले नाही तरच पुढचे टोक घ्यायच्या. मला तेव्हा गुदगुल्या व्हायच्या.

आमच्या पोटातली एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते. चावी फिरवली की बॅटरीतला करंट एका वायरीतून निघतो, हँडलच्या मानेजवळ वळतो, टाकीखाली शिरतो आणि कॉइलला जाऊन मिळतो. तिथून प्लगला ठिणगी मिळते आणि माझे इंजिन धडधडू लागते. ती एक वायर तुटली, तर दिवा लागेल, हॉर्न वाजेल, पण मी काही चालायची नाही. एवढे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

मला घरी आणले ते चष्मेवाल्या अण्णांनी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, समोर एक उंच स्टूल, आणि कपाटात चष्म्यांच्या काड्या. मी खिडकीखाली उभी असायचे, त्यामुळे आतले सगळे मला दिसायचे. पण अण्णा दुकानात कमी आणि माझ्यावर जास्त असत. ज्या वस्त्यांवर चष्म्याचे दुकान नव्हते, तिथे ते स्वतः जात. कॅरिअरवर भिंगांची पेटी. तिच्यात मखमली खाचा आणि प्रत्येक खाचेत एक भिंग. ती पेटी हलू नये म्हणून अण्णा मला खड्ड्यांतून असे काही काढत, की मला स्वतःलाच स्वतःचे कौतुक वाटे.

ते दिवस फार चांगले होते, हे मी उघडच सांगते. एका वस्तीवर एक शिंपी होता. त्याने सहा महिन्यांपासून सुईत दोरा ओवला नव्हता, बायकोकडून ओवून घ्यायचा. अण्णांनी नाकावर चाचणीची चौकट ठेवून भिंगे बदलली आणि त्याच्या हातात सुई दिली. पहिल्या झटक्यात दोरा आत! तो शिंपी तिथेच पायरीवर बसून रडू लागला. निघताना अण्णांनी माझ्या टाकीवर थाप मारली आणि म्हणाले, “तू नसतीस तर इथवर कोण आलं असतं?” ती थाप मला आजही आठवते.

आता जोडाची गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी, भर दुपारी, आजूबाजूला चिटपाखरू नाही अशा रस्त्यावर मी एकाएकी बंद पडले. हँडलच्या मानेजवळ घासून घासून तीच ती वायर तुटली होती. अण्णांनी टाकी वर उचलून दोष शोधला, पण जवळ ना पक्कड, ना टेप. मग त्यांनी पेटीतून चष्म्याच्या काड्या बांधायची बारीक तार काढली, दोन टोकांना पीळ देऊन ती वर गुंडाळली आणि त्यावर डोळ्यांच्या पट्टीची पांढरी चिकटपट्टी लावली. मी एका किकमध्ये सुरू झाले. घरी आल्यावर त्यांनी हा पराक्रम दारातूनच सांगितला आणि आईंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, बाहेर बोलावून तो जोड दाखवला. “उद्या नीट करून घेतो,” असेही म्हणाले.

मित्रांनो, रस्त्यावर केलेल्या त्या जोडात काहीच वावगे नव्हते. अडल्या वेळी तसेच करावे लागते. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी, कारण तो उद्या अकरा वर्षे उजाडलाच नाही. वर्षातून एकदा अण्णा टाकी उचलत, जुनी चिकटपट्टी काढून नवी लावत, आणि झाले. त्या जोडाचा त्यांना अभिमान वाटू लागला होता. मेकॅनिकने हात पुढे केला तर म्हणत, “त्याला सोडून बाकीचं बघ. तो माझा टाका आहे.”

तीनेक वर्षांपूर्वी त्या जोडाखाली काहीतरी कुरतडू लागले. पट्टीत ओल शिरली होती. हँडल पूर्ण डावीकडे वळले की वायर ताणली जाई आणि माझा श्वास तुटे. एक आचका, की मी गप्प. अण्णांना हे दोन-तीनदा कळले आणि त्यांनी त्यावर तोडगा काढला. काय, तर डावीकडचे अरुंद वळण घ्यायचेच नाही! शाळेकडे जायचे तर सरळ पुढे जाऊन गिरणीला वळसा घालत. लोकांना वाटे, अण्णांना फेरफटका आवडतो.

आणि खरे सांगायचे तर, मीही त्यांचे काहीतरी लपवत होते. गाडीला आपल्या स्वाराचे सगळे कळते. पूर्वी जो खड्डा ते वीस हात आधी चुकवत, त्यात आता माझे पुढचे चाक धाडकन जाऊ लागले. समोरून दिवे लावलेली गाडी आली की ते वेग इतका कमी करत की मागचे लोक हॉर्न मारत. गतिरोधक तर त्यांना माझ्या उडीवरूनच कळे. अण्णांना नीट दिसत नव्हते. त्यांनी माझा आजार झाकला, मी त्यांचा. आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो आहोत, असे मला तेव्हा वाटे. आता आठवले की माझीच मला लाज वाटते.

घरात कुणाला शंका आली नाही, कारण घरात दरवर्षी डोळे तपासण्याची पद्धत होती. अण्णांची मुलगी, छोटी, त्यांच्याच हाताखाली हे काम शिकून तयार झाली होती. नाव छोटी, पण वय अठ्ठावीस आणि उंची बापापेक्षा चार बोटे जास्त. वर्षाच्या पहिल्या दिवशी दोघे एकमेकांना स्टुलावर बसवत. छोटी एक डोळा झाकायला सांगे आणि अण्णा तक्ता वाचत. वरून खाली, एकही अक्षर न चुकता, शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. छोटी वहीत लिही, ‘उत्तम’. आई कौतुकाने म्हणत, “चाळीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे बघतायत, पण यांच्या नजरेला अजून धार आहे.” खिडकीखाली उभी राहून मी हे ऐकत असे.

मग मागच्या वर्षी अण्णांनी एके दिवशी माझी चावी छोटीच्या हातात दिली. म्हणाले, “आता वस्त्यांवर तू जा. माझी कंबर धरते.” कंबर! ती कंबर पोत्याने भिंगे उचलू शकली असती. देण्याआधी त्यांनी माझी टाकी उचलली, जोडावरची पट्टी बदलली आणि अगदी जवळ डोळे नेऊन बघितले. “चकाचक आहे,” असे स्वतःशी म्हणाले. चोक किती ओढायचा, चाकात हवा किती, सगळे त्यांनी छोटीला नीट सांगितले. डाव्या वळणाचे मात्र सांगितले नाही. जोड चांगला दिसतोय, मग आता कशाला, असे त्यांनी मनाशी ठरवले असावे. मला तोंड असते तर मी त्याच क्षणी ओरडले असते.

छोटी शाळेकडे गिरणीच्या वळशाने का जाईल? तरणीताठी पोरगी, सरळ रस्त्याने जाणार. पहिले दोन-चार महिने निभावले, कारण पट्टी नवी होती आणि माझेही नशीब चांगले होते. मग एका सोमवारी सकाळी चढ संपतो तिथल्या नाक्यावर ती हळू झाली, हात दाखवला आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवले.

मी बंद पडले. रस्त्याच्या बरोबर मध्यावर. उजवीकडून विटांनी भरलेला ट्रक उतारावरून येत होता. छोटीने किक मारली, पुन्हा मारली. मी नुसती घशातल्या घशात खोकले. तिने हॉर्न दाबला, तो मात्र खणखणीत वाजला. ट्रकची चाके किंचाळली. पुढचा बंपर माझ्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. मी आडवी झाले, पेटी उघडली, भिंगे रस्त्यावर घरंगळली. छोटीला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. ट्रक ड्रायव्हर खाली उतरला. “अगं ताई,” एवढेच तो म्हणाला आणि तिच्याबरोबर वाकून भिंगे गोळा करू लागला.

पुन्हा माझ्यावर बसायचा तिला धीर झाला नाही; ती मला ढकलत घरी घेऊन आली. आईंनी खरचटलेले कोपर बघितले, सगळे ऐकले, आणि आवाज अजिबात न चढवता अण्णांना म्हणाल्या, “अहो, शनिवारी भंगारवाला येतो. त्याआधी ही गाडी का बंद पडते ते मला दाखवा. नाहीतर ती शनिवारी जाईल. पोरगी घरी येते की नाही म्हणून रोज दारात उभं राहायला मला जमायचं नाही.”

त्यांचे काही चुकले नव्हते. मित्रांनो, मला मरणाची भीती वाटली, हे कबूल करते. पण त्याहून जास्त भीती मला वाटली ती बरी न होता तशीच रस्त्यावर राहण्याची. पुढच्या वेळी तो ट्रक थांबला नसता तर?

मंगळवारी मेकॅनिक आला. तो कामाला वाईट नाही, पण बोलायला हातापेक्षा पुढे. “पेट्रोलात पाणी,” तो म्हणाला. कार्बोरेटर खोलला, धुतला. बुधवारी प्लग बदलला. “हॉर्न वाजतोय, दिवा लागतोय, म्हणजे करंटचा काही प्रश्नच नाही.” तरी छोटीने विचारले, “टाकीखालचा तो जोड?” मेकॅनिकने अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, “जोड ठीक आहे. मी स्वतः बघितलाय, तांबं लख्ख आहे.” आता गावभर ज्याच्या नजरेचे नाव, त्याने बघितले म्हटल्यावर कोण काय बोलणार? मी घटकेत चालू, घटकेत बंद; शेवटी गुरुवारी मेकॅनिकने माझ्यापुढे हात टेकले आणि मी खिडकीखाली उभी राहून शनिवारची वाट बघू लागले.

शुक्रवारी दुपारी टेलिफोनवाल्या मावशी आल्या. शेजारच्याच त्या. पस्तीस वर्षे टेलिफोन खात्यात जाड केबलींमधल्या केसासारख्या बारीक वायरी जोडण्याचे काम करून निवृत्त झालेल्या. आल्या होत्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायला. छोटीने स्क्रू आवळता आवळता माझे रडगाणे सांगितले.

मावशींनी चष्मा नाकावर बसवला आणि विचारले, “बंद पडली तेव्हा हँडल कुठल्या बाजूला होतं?”

छोटी विचारात पडली. “डावीकडे. पूर्ण डावीकडे.”

“मग पेट्रोलाचं काय घेऊन बसलीस? पेट्रोलाला डावं-उजवं कळतं होय?”

मला टाळी वाजवावीशी वाटली. चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी शहाणा प्रश्न विचारला होता.

मावशी घरी जाऊन एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात पक्कड, कातर, सोल्डर गन आणि दोन वायरी लावलेला एक छोटासा बल्ब होता. टाकी उतरवली. बल्बची एक वायर त्यांनी कॉइलच्या टोकाला लावली, दुसरी माझ्या सांगाड्याला. चावी फिरवली. बल्ब लागला.

“आता हँडल उजवीकडे ने, पोरी.”

बल्ब लागलेलाच.

“डावीकडे. सावकाश.”

हँडल फिरत गेले, वायर ताणली, आणि बल्ब विझला. छोटीने हँडल जरा मागे आणले, लागला. पुन्हा डावीकडे, विझला. दारात उभ्या असलेल्या आईंनी तोंडाला पदर लावला. चार दिवस जे कुणाला सापडले नव्हते, ते चण्याएवढ्या बल्बने दाखवले.

आतून अण्णा बाहेर आले. “काय चाललंय? त्या जोडाला हात लावू नका हं, बाई. तो माझा आहे.”

“तुमचाच आहे, अण्णा, कोण पळवून नेतंय? फक्त उघडते.” मावशींनी पट्टीचे टोक पकडून उलगडले. पट्टीला आतून हिरवी भुकटी चिकटलेली होती. बारीक तार गंजून तिचे दोन तुकडे झाले होते, आणि तांब्याच्या सतरा-अठरा धाग्यांपैकी दोन का तीन कसेबसे टिकून होते. माझा जीव त्या दोन धाग्यांवर लटकत होता, मित्रांनो, आणि त्यावर एक माणूस बसून जात-येत होते.

मावशींनी तो तुकडा कापून अण्णांच्या तळहातावर ठेवला. “बघा तुमचा टाका.”

अण्णांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. “हे काय, तांबं तर लख्ख आहे,” ते म्हणाले. “मी सांगत होतोच.”

मावशी हसल्या. “पुरे हो थट्टा! शेवाळसुद्धा इतकं हिरवं नसतं.”

छोटी हसली नाही. ती अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग आत गेली. मला खिडकीतून दिसत होते: तिने चष्म्याच्या फ्रेमा येतात तो पुठ्ठ्याचा खोका फाडला, जाड शाईने त्यावर पाच अक्षरे काढली आणि तो पुठ्ठा भिंतीवरच्या तक्त्यावर अडकवला. अक्षरे तक्त्याच्या मधल्या ओळीएवढी असतील, काही फार बारीक नव्हती.

“अण्णा, जरा आत या. स्टुलावर बसा.”

“आत्ता? अगं, वर्षाच्या सुरुवातीला झालं ना?”

“बसा ना.”

ते बसले. छोटीने उजवा डोळा झाकायला सांगितला. अण्णा समोर बघत राहिले. एकदा ओठ हलले, पण अक्षर बाहेर आले नाही. मग त्यांनी झाकलेल्या डोळ्यावरचा हात स्वतःहूनच खाली घेतला.

“तक्ता पाठ होता,” ते म्हणाले.

चाळीस वर्षे रोज दहा-वीस माणसांकडून जो तक्ता वाचून घेतला, तो त्यांना पाठ असणारच! अंधारातही म्हटला असता. डोळे तपासणाऱ्या घरात हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“मोतीबिंदू आहे,” अण्णा हळूच म्हणाले. “दोन्हीकडे. मला तीन वर्षांपासून माहीत आहे. मला कळणार नाही तर कुणाला कळेल?”

“मग बोलला का नाहीत?” छोटीचा आवाज फुटला. “दुसऱ्या कुणाला असता तर हाताला धरून दवाखान्यात नेलं असतंत तुम्ही!”

“दुसऱ्याला नेलंच असतं. पण ज्याला स्वतःला दिसत नाही, त्याच्यासमोर स्टुलावर कोण बसणार? वाटलं, अजून थोडे दिवस रेटू. आणि त्या शस्त्रक्रियेची भीती वाटते गं. लोकांना सांगताना काही वाटत नाही, स्वतःच्या डोळ्याचं म्हटलं की ‘उद्या बघू’ म्हणतो.” तळहातावरचा तो हिरवा तुकडा त्यांनी बोटाने चाचपला. “जोड लख्ख आहे असं मी सांगितलं. तुला त्या ट्रकसमोर मीच उभं केलं.”

छोटी रडत होती. आई आत गेल्या, अण्णांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “झालं ते झालं. पोरगी समोर उभी आहे. तुम्ही आता उद्या म्हणायचं नाही, एवढंच.”

मावशी मात्र बाहेर माझ्यापाशीच थांबल्या. दुसऱ्याच्या घरातले बोलणे कानावर पडत असतानाही पडत नाही असे दाखवायचे, हे त्यांना टेलिफोन खात्याने शिकवले असावे. थोड्या वेळाने त्यांनीच हाक मारली, “पोरी, ये. ही उघडी ठेवून कशी चालेल?”

मग माझे काम झाले. कापताना मला दुखेल म्हणून मी अंग चोरले होते, पण उलट हलकेच वाटले. मावशींनी वायर दोन्ही बाजूंनी मागे कापत नेली. पहिल्या कापाला आतले तांबे काळे निघाले. आणखी बोटभर कापली, अजून मळकट. तिसऱ्या कापाला लालसर चमकते तांबे दिसले. “इथपर्यंत यायचं,” मावशी म्हणाल्या. “सडलेल्याला सडलेलं जोडून काय मिळणार?” मध्ये त्याच जाडीची नवी वायर घातली. आधी गरम केली की आवळून बसणारी नळी ओवून घेतली, कारण ती नंतर ओवता येत नाही आणि सगळ्यांची चूक तिथेच होते. मग धाग्यांत धागे गुंफले, सोल्डर वितळवून आत मुरवला आणि नळी सरकवून शेकली. हँडलच्या मानेजवळ त्यांनी वायरीला थोडा सैलपणा ठेवला, जिथे घासत होती तिथे जाड आवरण चढवले. सांगाड्यावर जिथे काळी वायर स्क्रूने बसते, तिथला रंग आणि गंज खरवडून लोखंड उघडे केले. कॉइलवरच्या दोन्ही टोकांच्या टोप्यासुद्धा सैल होत्या. त्या घासून, आवळून बसवल्या.

आणि मग, मित्रांनो, त्यांनी तो नवा जोड दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघितला. एकतीस वर्षांनी मला पुन्हा गुदगुल्या झाल्या.

टाकी बसली. छोटीने किक मारली आणि मी पहिल्याच दणक्यात बोलू लागले. पण आईंचे समाधान झाले नव्हते. त्या पायऱ्या उतरून माझ्यापाशी आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हँडलला हात लावला नव्हता. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले आणि पूर्ण डावीकडे वळवले, अगदी थेट अडेपर्यंत. मी धडधडत राहिले. उजवीकडे वळवले, पुन्हा डावीकडे. असे सात-आठ वेळा. माझे इंजिन एका लयीत चालू होते, आणि त्या हँडल धरून मान खाली घालून नुसत्या उभ्या राहिल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, “बंद कर गं आता, पेट्रोल जळतंय.”

शनिवारी भंगारवाला आला. आईंनी त्याला एक चिरलेली बादली आणि अण्णांनी वर्षानुवर्षे जपलेला मोडक्या काड्यांचा ढीग दिला. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. “आणि ही?” आई म्हणाल्या, “तिला काय झालंय?”

पुढच्या आठवड्यात छोटी अण्णांना माझ्यावर मागे बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. रस्ता त्याच नाक्यावरून, तेच डावे वळण. वळताना अण्णांचे हात सीटच्या पट्ट्यावर घट्ट झाले. छोटीने हात दाखवला, हँडल वळवले, आणि आम्ही वळलो. बस, एवढेच. ज्याची तीन वर्षे धास्ती घेतली, ते वळण मोजून चार सेकंदांचे होते. अण्णांनी सोडलेला सुस्कारा मला मागून ऐकू आला, आणि माझाही धूर जरा जास्तच निघाला असेल.

आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, महिन्याने दुसऱ्याची. पहिली पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा काळा चष्मा लावून बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. चष्मा जरा वर केला. “अरेच्चा,” ते म्हणाले, “हिचा रंग अजून मरूनच आहे! मला वाटत होतं, काळी पडली बिचारी.” त्यांनी माझ्या टाकीवर बोट फिरवून धूळ काढली आणि पुन्हा बघितले. नंतर टाकीवर थाप मारली, त्या शिंप्याच्या दारात मारली होती तशी. मला फार बरे वाटले. एवढ्याचसाठी मी जगले असेही वाटले.

तो हिरवा तुकडा त्यांनी फेकला नाही. भिंगांच्या पेटीत एक खाच रिकामी झाली होती, त्या दिवशी रस्त्यावर फुटलेल्या भिंगाची. तिथे तो ठेवला आहे. वस्तीवर कुणी म्हातारबा “मला काही झालं नाही, मला सगळं दिसतं” म्हणाले, की छोटी त्यांच्या हातावर तो तुकडा ठेवते आणि रंग विचारते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी कुणी असेल. सायकल असेल, पंखा असेल, पाण्याची मोटर असेल. ती आचके देत असेल, तर तिला शिव्या देण्याआधी एकदा तिचे जोड बघा. अडल्या वेळी बांधलेली गाठ घरी आल्यावर सोडा आणि नीट जोडा. आणि घरातले एखादे माणूस नेहमीचे वळण टाळून लांबून जाऊ लागले, तर त्यालाही विचारा, का हो, काय झाले?

परवा वर्षाचा पहिला दिवस होता. मी खिडकीखाली होते. यंदा छोटीने नवा तक्ता स्वतः काढला होता आणि त्या दिवसापर्यंत कपाटात कुलपात ठेवला होता. अण्णा स्टुलावर बसले, एक डोळा झाकला आणि वाचू लागले. वरच्या ओळी सरळ गेल्या. शेवटच्या ओळीत ते अडखळले, डोळा बारीक केला, आणि चौथे अक्षर चुकीचे सांगितले.

“चुकलं!” छोटी ओरडली. आई स्वयंपाकघरातून धावत आल्या. आणि मग तिघेही असे हसत सुटले की वाटेने जाणारे लोक थांबून बघू लागले. छोटीने वही उघडली, ‘एक चूक’ असे लिहिले आणि खाली दोनदा रेघ मारली.